पाच लिटरचा विक्रांत

कौसल्याबाईंना जाऊन आठ दिवस झाले होते आणि त्यांचा मोबाईल काही गप्प बसायला तयार नव्हता. दर पाच-दहा मिनिटांनी टिंग वाजायचं. बाबारावांनी तो आधी उशीखाली ठेवला, मग गादीखाली, मग तांदळाच्या डब्यात. डब्यातून तर आवाज जास्तच घुमायला लागला. मुलगी उर्वशी लेकाच्या परीक्षेसाठी अमरावतीला गेली होती, ती रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला परत येणार होती. घरात विचारायला दुसरं कोणी नाही. शेवटी भर दुपारी त्यांनी डब्यातून फोन काढला, तांदूळ झटकले, चष्मा चढवला आणि बायकोच्या फोनमध्ये जन्मात पहिल्यांदा डोकावले.

पहिलाच मेसेज होता, ‘चांदणीताई, आठ दिवस झाले. विक्रांतला कुकरमधून बाहेर काढा ना आता!’

बाबारावांनी तो तीनदा वाचला. कुकर कळला, विक्रांत कळेना.

बाबाराव दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. तिथे मशीन सुरू झाली की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांवर. एक बोट वर केलं की चालू कर, पंजा दाखवला की बंद कर. ही सवय त्यांच्यासोबत घरी आली आणि रिटायर झाल्यावरही घरातच राहिली. पोळी हवी तर एक बोट, नको तर पंजा, आणि उरलेल्या सगळ्या संसाराला मिळून एक ‘हूं’. कौसल्याबाई पडल्या बोलक्या. त्या बोलायच्या, हे हूं म्हणायचे. पुढेपुढे त्या मोबाईलमध्ये तोंड घालून बसायला लागल्या, तेव्हा बाबारावांना वाटलं, बाई लोणच्याच्या कृती पाहत असेल.

बाई लोणचं पाहत नव्हती, पुराण लिहीत होती. ‘इनामदारांची सून’ नावाची तिची आवडती मालिका मध्येच बंद पडली होती. तसल्या बेवारस मालिकांची पात्रं घेऊन त्यांचं पुढचं आयुष्य लिहिणाऱ्या बायांचं एक ॲप होतं. त्यावर कौसल्याबाईंनी ‘चांदणी, दिग्रस’ या नावाने दोनशे बारा भाग लिहिले होते. तिसऱ्याच भागात सासूच्या शापाने देखणा नायक विक्रांत पाच लिटरचा कुकर झाला. नायिका मृण्मयी त्याच्याशी दिवसभर बोलायची. एक शिटी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन झाल्या तर वरण शिजलं. पुढे शाप उलटून सासूची एसटी झाली, आणि कोणी चाकाला हात लावून पाया पडल्याशिवाय ती पुसदला जायला सुरू होईना. मेलेला माणूस पुढच्या भागात हमखास परत यायचा, कधी बकरी होऊन, कधी निवडणुकीचं चिन्ह होऊन. शंभराव्या भागात तर बाईंनी खुद्द लेखिकेलाच मारलं होतं, आणि एकशेएकमध्ये ती बसस्टँडवर भजी खाताना सापडली होती.

बाबारावांचं डोकं गरगरलं. पण ते टिंग तर थांबवायला हवं. पडद्यावर सगळ्यांत मोठं बटण ‘नवीन भाग’ असं होतं. त्यांनी ते दाबलं आणि एका बोटाने टाईप केलं : ‘कौसल्या ऊर्फ चांदणी मंगळवारी वारली. कृपया मेसेज पाठवू नये. बाबाराव.’

हा झाला भाग दोनशे तेरा. तासाभरात त्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. ‘ताई, काय ट्विस्ट दिलाय!’ ‘लेखिका दुसऱ्यांदा मेली, आता कुठे सापडणार?’ ‘हा बाबाराव म्हणजे वेषांतर केलेली सासूच आहे, माझी पैज.’

बाबारावांना राग आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. आपण घरात बसून जिच्यासाठी रडतोय, तिचं मरण लोकांना आवडलं होतं. त्यांनी पुन्हा तेच बटण दाबलं : ‘हे खरे आहे. मी तिचा नवरा आहे.’

पुसदच्या संगीता नावाच्या बाईचं उत्तर लगेच आलं. ‘नवरा तर कुकर आहे ना? कुकर टाईप कसा करेल?’

बाबाराव त्या वाक्याकडे बराच वेळ पाहत बसले. मग त्यांनी पहिल्या भागापासून वाचायला घेतलं. ते दोन दिवस वाचत होते. त्यात त्यांना आपलंच घर दिसायला लागलं, गळकी मोरी, खुंटीवरची आपली टोपी, मृण्मयीने नवीन लुगडं नेसून कुकरसमोर दोनदा फिरणं. एकशे चाळिसाव्या भागापाशी त्यांचं बोट थांबलं. मृण्मयी कुकरला विचारत होती, ‘जिना चढताना छाती भरून येते, दवाखान्यात जाऊ का?’ कुकरने ना एक शिटी दिली ना दोन. ती दुपार बाबारावांना आठवली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि त्यांनी हूं म्हटलं होतं. ते हूं हो होतं की नाही, हे त्यांचं त्यांनाही आता सांगता येईना. ते पदर तोंडात कोंबलेल्या बाईसारखे आवाज न करता रडले.

भागाच्या शेवटी कौसल्याबाईंनी लिहिलं होतं, ‘मृण्मयी रागावली नाही. शिटी झाली नाही तरी आत काहीतरी शिजतंय, हे बाईला वासावरून कळतं.’

त्यानंतर त्यांनी स्वतःचा तिसरा भाग टाकला, तो म्हणजे छापील पत्रिकेचा फोटो. कालकथित कौसल्याबाई, जलदान विधी व पुण्यानुमोदन, रविवारी अकरा वाजता, बुद्धविहार, दिग्रस. खाली लिहिलं, ‘खोटे वाटत असेल तर येऊन पाहावे.’ करायला गेले एक आणि झालं भलतंच. बायांनी त्याचा अर्थ लावला, ताईंनी वाचकांचा मेळावा ठेवला आहे. पत्रिकासुद्धा किती खरी केली आहे!

रविवारी विहारात पांढऱ्या चादरींवर माणसं बसली होती. त्रिशरण-पंचशील झालं. तेवढ्यात पुसदच्या बसमधून उतरलेल्या सहा बाया हसत-खिदळत दारात आल्या, ठेवणीतल्या साड्या, केसांत गजरे. सगळ्यांत पुढे संगीता, तिच्या हातात हार घातलेला नवाकोरा कुकर. बसच्या चाकाला पाया पडून आलो, असं काहीतरी ती मोठ्याने सांगत होती. मग तिला समोरचा फोटो दिसला, त्यापुढची मेणबत्ती दिसली, आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

उर्वशी उठून दाराशी गेली. ह्या कोण, हे तिला माहीत नव्हतं. संगीता एवढंच म्हणाली, “आम्ही ताईंच्या मैत्रिणी. आम्हाले वाटलं, ताई येतीन परत.”

मागे जाता येईना आणि कुकर लपवता येईना. बाबारावांच्या समाजात असल्या दिवशी विहाराला भांडं दान द्यायची रीत आहे, त्यामुळे कोणीतरी तो कुकर हातोहात पुढे सरकवला आणि तो माईकवरच्या नागोरावांपर्यंत पोहोचला. नागोराव शिस्तीचा माणूस. भांड्यावरचं नाव वाचल्याशिवाय ते दान पुकारत नसत. बायांनी भांड्याच्या दुकानातून त्यावर नाव कोरून आणलं होतं. नागोरावांनी ते माईकवर वाचलं.

“मृण्मयीस सप्रेम भेट. तुझाच विक्रांत.” नागोराव थांबले. “हा विक्रांत कोन हाय?”

सगळ्या विहाराने एकमेकांकडे पाहिलं. कौसल्याबाईंच्या फोटोकडेही दोन-चार जणांनी नको त्या नजरेने पाहिलं. उर्वशीचा चेहरा उतरला.

चौतीस वर्षं जिनिंगमध्ये आणि त्यानंतर घरात जे कोणी पाहिलं नव्हतं ते तेव्हा झालं. बाबाराव उठून माईकपाशी गेले. सवयीने त्यांनी आधी पंजा दाखवला. सगळे गप्प झाले.

“विक्रांत म्हंजे मी,” ते म्हणाले. “मी कुकर हाओ.”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पुसदच्या बाया मात्र पदराने डोळे पुसायला लागल्या, कारण त्या विहारात हे वाक्य समजणाऱ्या तेवढ्याच होत्या. नागोरावांना काही कळलं नाही, पण शिस्त म्हणून त्यांनी माईक ओढला आणि पुकारलं, “विक्रांत ऊर्फ बाबाराव यांच्याकडून विहाराला पाच लिटरचा कुकर.”

“कुकर नोको,” बाबाराव म्हणाले. “विहाराले दुसरं भांडं देतो. हा घरी नेतो मी.”

त्यांनी कुकर उचलला आणि छातीशी धरून फोटोसमोर उभे राहिले. त्यांना बरंच बोलायचं होतं. टोपीबद्दल, नवीन लुगड्याबद्दल, त्या दुपारच्या हूंबद्दल. लोक वाट पाहत होते. फोटोतल्या कौसल्याबाईही पाहत होत्या, नेहमीसारख्याच.

बाबारावांनी एक बोट वर केलं.

“हो म्हनत होतो मी,” ते फोटोला म्हणाले. “दवाखान्यात जाऊ, असंच म्हनत होतो.”