वाघमाऱ्यांची मूळची स्प्रिंग

वाघमारे कोणाच्याही घरी गेले की सोफ्यावर दोनदा बसतात. पहिल्यांदा बसण्यासाठी, आणि लगेच उठून दुसऱ्यांदा ऐकण्यासाठी. दुसऱ्या वेळी डोळे मिटलेले असतात. मग डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना सांगावं अशा आवाजात म्हणतात, "डावीकडची तिसरी दमलीये. वर्ष काढेल असं वाटत नाही."

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा आमचा सोफा तीन आठवड्यांचा होता. बायकोने त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली नाहीत. आठ महिन्यांनी डावीकडची तिसरी स्प्रिंग गेली. तेव्हापासून बिस्किटं मिळतात.

सिंगापुरात बिशानला आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहतो, आम्ही सातव्या मजल्यावर आणि ते नवव्या. एकटेच असतात. वय अठ्ठावन्न. तुआसच्या एका कारखान्यात बॉलपेनच्या, खाटांच्या, दारांच्या स्प्रिंगा तपासणं हे त्यांचं काम. दिवसभर नव्या स्प्रिंगा तपासल्यावर माणसाने संध्याकाळी दुसरं काहीतरी करावं, निदान टीव्ही बघावा. वाघमारे जुन्या स्प्रिंगा शोधतात. त्याही सैन्यातल्या जुन्या रायफलींच्या.

इथे हा छंद किती सोयीचा आहे ते सांगायला नको. रिकामं काडतूस किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून फिरलात तरी खुर्चीवर बसवून प्रश्न विचारतात. त्यामुळे वाघमारे शोधतात ती वस्तू या बेटावर कधी येतच नाही. जगाच्या एका टोकाच्या माणसाने ती आपल्याकडच्या एका संग्रहालयाला रीतसर कागदपत्रांनिशी परस्पर पाठवायची, आणि यांनी मध्ये बसून फक्त ई-मेल लिहायचे. आडनाव वाघमारे, पण माणसाने आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा फोडलेले नाहीत.

या सगळ्यामागे आण्णा. म्हणजे वाघमाऱ्यांचे वडील, वय शहाऐंशी. फौजेत रायफली दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर गावाजवळच्या छावणीतल्या छोट्या संग्रहालयात दर गुरुवारी जाऊन तिथल्या जुन्या रायफली पुसून ठेवतात, फुकट. त्यातल्या एकीच्या मॅगझिनची, म्हणजे गोळ्यांच्या पेटीची, स्प्रिंग तुटली. घडी घातलेल्या रिबिनीसारखी पोलादी पट्टी असते ती. नवी करून मिळते, पण आण्णा म्हणाले, मूळची पाहिजे. त्यात त्यांचा एक डोळा काचबिंदूने गेलेला, दुसरा त्याच वाटेवर.

"आण्णांच्या हातानंच बसली पाहिजे," वाघमारे मला म्हणाले होते. "दिसतंय तोवर."

चार वर्षांत त्यांनी तीन स्प्रिंगा मिळवल्या. तिन्ही आण्णांनी नापास केल्या. पहिलीत म्हणे जीव नव्हता. दुसरीचा रंग बरोबर नव्हता. तिसरीचा वास वेगळा होता. दर वेळी रविवारच्या फोनवर निकाल लागायचा आणि सोमवारी वाघमारे पुन्हा कॅनडातल्या कुठल्यातरी म्हाताऱ्याला ई-मेल लिहायला बसायचे. "मूळची आहे का?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला, की लिटिल इंडियात गोडा मसाला घेतानाही तेच. दुकानदार तमिळ. तो आधी मान डोलवायचा, मग किंमत वाढवायचा.

एकदा ऑफिसने मला इंग्लंडला पाठवायचं ठरवलं आणि वाघमारे त्याच संध्याकाळी खाली आले. माझ्या मुलीने दार उघडून, इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' जोडत, आत ओरडून सांगितलं, "पपा, स्प्रिंग अंकल आले लाह!"

"साठे," ते म्हणाले, "तुमच्या हॉटेलपासून तासाभरावर एक बाई राहतात. नवरा जुन्या रायफलींचे सुटे भाग विकायचा, तो वारला. त्यांच्याकडे एक आहे. पाकीटसुद्धा उघडलेलं नाही. तुम्ही फक्त जाऊन बघा, फोटो काढा. पाठवायचं काम त्या आणि संग्रहालयवाले बघतील. तुम्ही काही आणू नका."

आता इथे माझी बाजू ऐकून घ्या. मी पुण्यात वाढलेला माणूस. परदेशी निघालेल्याला "काही आणू नका हो, उगाच कशाला" असं म्हणणाऱ्या माणसासाठी काहीच न आणणारा मनुष्य आमच्याकडे पुढे लग्नकार्यात ओळखला जातो. माझ्या मामीने "आणू नकोस" म्हटल्यावर मी खरंच परफ्यूम आणलं नव्हतं. ती अजून माझ्याशी 'आपण' म्हणून बोलते.

मी बाईंकडे गेलो. त्यांनी मला फ्रूटकेक दिला आणि पिवळ्या पडलेल्या, ग्रीस लावलेल्या कागदातलं पाकीट दाखवलं. कागदपत्रांना दोन महिने तरी लागतील म्हणाल्या. माझ्या डोक्यात कल्पना आली. अशी कल्पना आली की मी लगेच बायकोला फोन करावा असा आमच्या घरी नियम आहे. तो मी पाळला नाही. चार वर्षं ज्या वस्तूमागे हा माणूस लागलाय, ती त्याने एकदा तरी हातात घेऊ नये? दिवाळीत मी पुण्याला जाणारच होतो, तेव्हा पुढे नेऊन दिली असती. बाई नको म्हणत होत्या. मी फार गोड बोललो.

सिंगापूरच्या विमानतळावर मी, सरळ मनाचा माणूस, स्वतःहून कस्टमच्या लाल फाटकात, म्हणजे सामानात काही सांगण्यासारखं असणाऱ्यांच्या रांगेत, गेलो.

"धिस वन व्हॉट, सर?" असं विचारायच्या ऐवजी तिथल्या तरुण अधिकाऱ्याने नुसतं पाकिटाकडे बोट दाखवलं.

"स्प्रिंग."

"कशाची?"

इथे "गादीची" म्हणून सुटलो असतो असं नाही, पण मी जे केलं तेही करायला नको होतं. मी चार वर्षं वाघमाऱ्यांच्या शेजारात काढलेली. मी रायफलीचं नाव सांगितलं. पेटीत गोळ्या किती बसतात ते सांगितलं. नव्या स्प्रिंगेने गोळी कशी अडकते आणि मूळच्या स्प्रिंगेने कशी सुरळीत वर येते, ते हातवारे करून दाखवलं. माझं बोलणं इतक्या मन लावून कोणी लिहून घेतंय असा प्रसंग आयुष्यात पहिलाच होता, म्हणून मी जरा सावकाशही बोललो.

पाच तासांनी मला सोडलं. सगळे माझ्याशी अतिशय सभ्यपणे वागले. एक लेखी ताकीद मिळाली आणि स्प्रिंग सरकारजमा झाली. ती परत मिळण्याची शक्यता आहे का, असं मी विचारलं. अधिकाऱ्याने माझ्याकडे जसं पाहिलं, त्यावरून मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी मिठाईचा पुडा घेऊन नवव्या मजल्यावर गेलो आणि सगळं सांगितलं. वाघमारे ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"साठे, मी आणू नका म्हणालो होतो."

"हो. मला वाटलं, तुम्ही उगाच म्हणताय."

त्यांना हे लगेच पटलं. शेवटी तेही आपल्याकडचेच. "आण्णांचा फोन येईल आता," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा."

फोन आला. त्यांनी स्पीकर लावला. मी आण्णांना माझं नाव, गाव, नोकरी आणि गुन्हा सांगितला.

"गेली म्हणता?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"गेली, आण्णा. माझ्यामुळं. पाकीटबंद होती हो."

"बरं झालं. न्हाईतरी ती मूळची नव्हती."

"आण्णा, पण तुम्ही ती पाहिली कुठं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"यशवंत हाय का तिथं?" आण्णा म्हणाले. "त्याला द्या."

वाघमाऱ्यांनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. चाळीस मिनिटं बोलले. कॅनडातला म्हातारा अजून उत्तर देतो का, इथपासून सुरुवात झाली. मग गुडघा, शेजाऱ्यांचं बोअरिंग, रात्री जेवायला काय केलं होतं. मी मिठाईतले चार पेढे खाल्ले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा कान लाल झाला होता.

"वाघमारे, आधीच्या तीन?"

"तिन्ही मूळच्या. मापं मागवून मी स्वतः ताडून पाहिलीत."

"आण्णांना माहितीये?"

"आण्णांनी तीस वर्षं त्याच बसवल्यात. त्यांना कळणार नाही?" ते पुड्याची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले. "आई होती तोवर फोन तीच घ्यायची. आण्णा मागून विचारायचे, बरा हाय का. ती सांगायची, बरा हाय. ती गेल्यावर पहिल्या रविवारी फोनवर आम्ही दोघंच. बरा आहेस का, बरा आहे. पाऊस आहे का, आहे. मग दोघंही गप्प. ठेवायचं कसं ते दोघांनाही कळेना. शेवटी ते म्हणाले, एका रायफलीची स्प्रिंग तुटलीय, तिकडं कुठं मिळती का बघ."

मी जे बोलायला नको तेच बोललो. "आणि त्यांचे डोळे गेले तर?"

"डोळे जातील," वाघमारे म्हणाले. "कान चांगले आहेत."

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कॅनडाच्या म्हाताऱ्याला ई-मेल लिहायला घेतला. मी मागे उभा राहून वाचत होतो. माप, साल, पट्टीची जाडी, सगळं नेहमीसारखं बारकाईनं लिहिलं. शेवटी खाली नाव टाकण्याआधी जरा थांबले आणि एक ओळ वाढवली. सावकाश शोधा, घाई नाही.