आप्पांचं अर्धं शटर

जुना लॅपटॉप विकताना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढणारा माणूस आमच्या दौंडात एकच, आप्पा. चोरीचा माल? छे! सगळ्या पावत्या फाईलला लावलेल्या. आप्पांना धाक कंपन्यांचा.

"त्यांचं ध्यान असतं, ताई," ते कुजबुजतात. "जुनी मशिनं खपाय लागली की त्यांची नवी पडून ऱ्हात्यात. मग नवं मॉडेल लवकर काढत्यात, की माझ्याकडल्या मालाचा भाव पडला. मागं मी एका आठवड्यात सहा विकली, आन् आलं का न्हाई लगेच?"

म्हणजे रेल्वे कॉलनीमागच्या ह्या एवढ्याशा गाळ्याकडे बघून जगातली मॉडेलं निघतात! मी पदरानं हसू दाबलं.

आप्पा रेल्वेत सिग्नलवर होते, त्यामुळे थांबवायची सवय जुनीच. गिऱ्हाइकाला ठरलेलं वाक्य: "घाई नगं, मॉडेल येतंय." नवं आलं की पुण्यातली ऑफिसं जुनी मशिनं काढून टाकतात आणि आप्पांकडे चांगला माल स्वस्तात येतो. हिशोब बरोबर हो, पण माझ्या प्राजक्ताचं कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. लॅपटॉप लागणारच होता, आणि कुरकुंभच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या माझ्या पगारात नवा बसत नव्हता. तीन आठवडे आप्पांनी मला थांबवलं. शनिवारी पोरीला घेऊन गेले आणि सरळ तोंड सोडलं.

"आप्पा, तुमचं मॉडेल येईल तवा येईल! हिचं वर्ष वाया गेलं तर तुम्ही भरून देणार का?"

आप्पा उठले. मग कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक लॅपटॉप काढला. झाकणावर नावाची चिठ्ठी होती, 'सायली'. सायली त्यांची मुलगी, सोलापूरला दिलेली.

"तिचा बी पुण्याला नंबर लागला हुता, कॉम्प्युटरच्या कोर्सला. सोताचा लॅपटॉप असल्याबिगर ॲडमिशन देत नव्हतं. मी म्हणलो, घाई नगं. मॉडेल आलं, माल आला, त्यातनं ह्यो निवडून ठिवला. पर तवर ॲडमिशनची तारीख गेलती. पुढल्या साली लगीन झालं. एका शब्दानं बोलली न्हाई मला."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मेलं, कशाला एवढं बोलले, असं झालं. लॅपटॉप त्यांनी प्राजक्ताच्या हातात ठेवला. किंमत विचारली तर म्हणाले, "बघू सवडीनं." शटर ओढायचं त्या दिवशी ते विसरलेच होते.

आम्ही निघालो, तसं त्यांनी प्राजक्ताला हाक मारली.

"पोरी, सोमवारी पहिल्या दिवशी काय शिकवत्यात, तेवढं फोन करून सांगशील? माझ्या सायलीला काय शिकवलं असतं, ते तरी कळंल मला."