पुराव्यावर बसू नये

होल्मथॉर्पच्या नगरपालिकेने बसथांब्यावरचा बाक काढून नेला. कारण काय, तर लोक त्यावर तासन्‌तास बसतात. बाक आणखी कशासाठी असतो, हे पालिकेला सांगणार कोण? विल्फ ओल्डरॉइड या म्हातारबुवांनी सांगितलं. भरदुपारी पालिकेच्या गोदामात शिरून त्यांनी बाक हातगाडीवर घातला आणि जागच्या जागी आणून ठोकला. पालिकेने चोरीचा खटला भरला.

"कबूल करून टाका, थोडक्यात सुटाल," त्यांच्या वकीलबाई म्हणाल्या.

"आणि माझी नोकरी? शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देतो मी. चोराच्या हातात देतील पोरं?"

"नाही देणार."

"मग मला ज्युरी पाहिजे. माझ्यासारखी बारा माणसं. ती चोर म्हणाली तर आहे मी चोर!"

सरकारी वकील भारी हौशी. चोरी केवढी अवजड ते दिसावं म्हणून त्याने अख्खा बाक कोर्टात आणवला. न्यायाधीशांनी ज्युरीला कायदा समजावला, "लबाडीने नेला की प्रामाणिकपणे, हे तुम्ही ठरवायचं. मला तर लबाडी उघड दिसते, यात विचार करण्यासारखं काही नाही." ज्युरी विचाराला आत गेली आणि रिवाजाप्रमाणे पुरावाही पाठोपाठ आत आला.

खोलीत माणसं बारा, खुर्च्या अकरा. बँकेतून निवृत्त झालेले पिकर्सगिल सभ्यपणे उभे राहिले. अकरा जण म्हणाले, सोडा म्हाताऱ्याला. एकमताशिवाय सुटका नव्हती आणि पिकर्सगिल हलेनात.

"दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलली. कायदा म्हणजे कायदा!"

"अहो, निदान त्या बाकावर तरी टेका," ज्युरीच्या प्रमुख एडना क्रॅबट्री म्हणाल्या. शाळेत स्वयंपाक करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"पुराव्यावर बसायचं नसतं, बाई!"

चहा झाला. वाद झाला. पुन्हा चहा झाला. पिकर्सगिलांनी आधी डावा गुडघा चोळला, मग उजवा. शेवटी बोलता बोलता त्यांनी नकळत बूड टेकलं. त्यांनी पाय लांब केले, डोळे मिटले, आणि एकदम चिडून म्हणाले, "हा काढलाच कशाला त्या मूर्खांनी?"

"तेच विचारतोय आम्ही केव्हापासून!" एडनाबाई ओरडल्या.

कोर्टात विल्फबुवा कठड्याला घट्ट धरून उभे होते. कारकुनाने निकाल विचारला.

"निर्दोष," एडनाबाई म्हणाल्या.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मी कायदा सांगत होतो तेव्हा तुम्ही ऐकत होतात ना?"

"शब्दन्‌शब्द ऐकला, साहेब," एडनाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "पण ठरवायचं आम्ही होतं."

यावर न्यायाधीशांना करता येण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि विल्फबुवांना घरी जायला सांगितलं.