डोक्यात गेलेले बारा जण

मोठे काका गेले ते सकाळी सव्वादहाला, मधल्या खोलीत, पुतणीच्या तोंडून. स्वतः मोठे काका त्या वेळी तीन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर होते आणि पाण्याची टाकी कशी चुकीची बसवली आहे, हे टाकीच्या मालकाला समजावून सांगत होते. पण त्यांना विचारतो कोण?

पुतणीला घरात सगळे 'डॉक्टर' म्हणत. वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला त्या संध्याकाळपासूनच म्हणायला लागले होते. त्यामुळे पहिल्याच वर्षी शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत डॉक्टर नापास झाली, तेव्हा तिच्यापेक्षा घरच्यांचीच पंचाईत झाली. प्रश्न म्हटला तर साधा होता. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या, त्यांचे क्रम आणि त्यांची कामं. डॉक्टरनं पाचवीचं काम सातवीला दिलं, नववी गाळली, आणि मग घाबरून उलटीकडून सुरुवात केली. आज दुपारी अडीच वाजता फेरपरीक्षा होती. ही हुकली की वर्ष बुडालं, आणि मागून आलेल्या पोरापोरींच्या बाकावर पुन्हा पहिल्यापासून बसायचं. या विचारानं तिला आठ दिवस धड झोप नव्हती.

पाठ तर होत नव्हतं. शेवटी तिनं एक युक्ती काढली. नसा बारा, आणि आपल्या डोक्यात जाणारे नातेवाईकही मोजून बारा, मग एकेक नस एकेकाच्या नावावर करून टाकू. पहिली नस वासाची. ती आत्याला, कारण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्यात आत्याचा हात कुणी धरला नसता. दुसरी नजरेची. ती बाबांना, कारण घरात काहीही झालं तरी बाबा म्हणत, "बघू." डोळे फिरवणाऱ्या तीन नसा तीन मामांना दिल्या. ते तिघं एकमेकांकडे बघितल्याशिवाय साधा चहासुद्धा हवा की नको ते सांगत नसत. चावण्याची मावशीच्या यजमानांना, गिळण्याची मावशीला. तिनं संसारात बरंच काही गिळलं होतं. तोंड वाकडं करण्याची थोरल्या मामीला. ऐकण्याची नस आईच्या वडिलांना, म्हणजे आजोबांना, ती अर्थात गेलेली. मान फिरवण्याची धाकट्या काकांना, कारण गेल्या वर्षीच्या कौटुंबिक फोटोत त्यांचं अर्धंच डोकं आलं, तेव्हापासून ते कुणीही दिसलं की मान फिरवत. आणि बारावी, जिभेची, आईला. इथे कारण लिहायला डॉक्टरनं जागा सोडली नव्हती, कारण जागा पुरली नसती.

राहिली दहावी. ही नस मोठी विचित्र. बाकीच्या बहिणी डोक्यामानेच्या आसपास आपापलं काम गुमान करतात. ही मात्र मानेतून खाली उतरते, घशात डोकावते, छातीत शिरून हृदयाला 'जरा हळू' म्हणून सांगते आणि पोटात जाऊन तिथल्या पचनातही लक्ष घालते. पुस्तकात तिच्या नावाचा अर्थच 'भटकी' असा दिला होता. डॉक्टरनं क्षणभरही विचार न करता तिथे 'मोठे काका' असं लिहून टाकलं. मोठे काका एकटे राहत. नोकरीत असताना घरोघरचे पाण्याचे मीटर तपासत, आणि निवृत्तीनंतर मीटर सोडून बाकी सगळं.

तर त्या सकाळी डॉक्टरची मैत्रीण फोनवरून तिची तयारी करून घेत होती. ती एकेका रोग्याची लक्षणं सांगायची आणि कुठली नस गेली ते डॉक्टरनं ओळखायचं. नस काम करेनाशी झाली की कॉलेजात 'गेली' म्हणतात. डॉक्टरच्या घरी मात्र 'गेले' म्हणजे गेलेच.

त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या आत्याला काहीतरी करपल्याचा वास आला. स्वतःच्या स्वयंपाकघरात काही करपत नव्हतं, म्हणून ती खाली भावाच्या घरी आली. इथेही काही करपत नव्हतं. ती परत निघाली, तेवढ्यात मधल्या खोलीच्या दाराआडून डॉक्टरचा आवाज आला.

"मोठे काका गेले! ... हो गं, नक्की. आवाज बसलाय, घास घशाखाली उतरत नाही, पाणी पाजलं की नाकातून परत येतंय, मग दुसरं काय असणार? गेलेच! ... सोपं होतं अगदी."

आत्या भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, आपला दादा गेला."

"कुठे?" आईनं विचारलं. मोठे काका जात ही काही बातमी नव्हती.

"अहो, गेला! घशाखाली घास उतरेना, पाणी पाजलं ते नाकातून आलं. आपल्या डॉक्टरला कॉलेजातून फोन आलाय. त्यांच्याच हॉस्पिटलात नेलं असणार."

"अगंबाई! आणि ती काय करतेय?"

"धक्का बसलाय पोरीला. 'सोपं होतं' म्हणत होती. म्हणजे फार त्रास नाही झाला त्याला."

आईनं डोळ्यांना पदर लावला आणि दुसऱ्या हातानं फोन उचलला. पुढच्या वीस मिनिटांत तिनं आठ घरांत बातमी पोचवली. प्रत्येक घरात बातमीला थोडं मांस चढलं. मोठ्या मामापर्यंत पोचेतो मोठे काका दोन दिवस आजारी होते आणि शेवटचं नाव त्यांनी मामाचंच घेतलं होतं. धाकट्या काकांना तेवढं आत्यानं कळवलं असेल असं आईला वाटलं, आणि आईनं त्यांना सोडलं नसेल याची आत्याला खात्री होती.

बाबांनी भावाच्या मोबाइलवर अकरा वेळा फोन केला. मोठे काका फोन घरी ठेवून फिरायला जात, कारण जवळ फोन असला की माणूस बांधला जातो असं त्यांचं मत होतं. बाबा त्यांच्या घरी जाऊन आले.

"कुलूप आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले.

"पाहिलंत?" आत्या म्हणाली. "कुलूप!"

"त्याच्या घराला नेहमीच कुलूप असतं."

"पण आजचं कुलूप वेगळं, दादा गेल्यावरचं."

"हॉस्पिटलात विचारलंत का?" आईनं विचारलं.

"तिथला फोन कुणी उचलत नाही. बघू," बाबा म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. सख्ख्या भावाबद्दल एवढंच म्हणता आलं याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

बारा वाजेपर्यंत हॉल भरला. परीक्षा आहे, पोरीला बाहेर काही ऐकू जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं, त्यामुळे सगळे दबक्या आवाजात रडत होते. एका कोचावर तिन्ही मामा बसले होते. आपण रडायचं का, हे पहिल्यानं दुसऱ्याकडे बघून ठरवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे बघून, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे बघत होता. मावशीच्या यजमानांनी दुःखात एक बशी बिस्किटं संपवली होती. मावशी हुंदका गिळत होती. थोरल्या मामीनं चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पण प्रसंग ओळखून सरळ केलं.

"कोण आलं?" आजोबांनी विचारलं.

"आलं नाही, गेलं!" आत्या त्यांच्या कानात म्हणाली.

"आत्ता तर बसलोय. मी नाही जात," आजोबा म्हणाले.

पाऊण वाजता डॉक्टर खोलीतून बाहेर आली आणि जागीच थबकली. सकाळपासून ज्यांना घोकलं, ते जवळजवळ सगळे ओळीनं समोर बसलेले, आणि एकूण एक डोळा ओला. तिच्या एका मामूली परीक्षेसाठी एवढी माणसं कामधंदा सोडून आली! तिला भरून आलं.

"तुम्ही सगळे... यासाठी आलात?"

"न येऊन कसं चालेल, बाळा?" मावशी म्हणाली.

"मागच्या वेळी कुणीच आलं नव्हतं."

सगळे चमकले. मागच्या वेळी कोण गेलं होतं ते कुणाला आठवेना. तिन्ही मामांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू मन घट्ट कर," आई म्हणाली. "जे व्हायचं ते कुणाला चुकलंय?"

"असं नको ना म्हणूस, आई! या वेळी नक्की होईल."

"काय नक्की होईल?" आत्यानं घाबरून विचारलं, आणि तिची नजर आजोबांकडे गेली.

तेवढ्यात उघड्या दारातून मोठे काका आत आले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत ही शांतता. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

आत्या किंचाळली. मावशीनं या वेळी काही गिळलं नाही, खणखणीत ओरडली. बाबा उठले, मोठ्या काकांचा दंड दोन्ही हातांनी दाबून पाहिला, आणि तो सोडायलाच तयार होईनात.

"अरे, झालंय काय? मी टाकी बघायला गेलो होतो!"

"दादा, पाणी नाकातून आलं ना तुझ्या?"

"टाकीतून येत होतं. झाकणच बसत नव्हतं."

मग चौकशी सुरू झाली. सगळी बोटं आत्याकडे वळली, आणि आत्याचं बोट डॉक्टरकडे. डॉक्टरला आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा हसू की रडू ते कळेना. तिला कागद आणून दाखवावा लागला. तो एकदा हॉलमध्ये आला म्हटल्यावर मोठ्यानं वाचला जाणं आलंच.

"मी पहिली?" आत्या खूश होऊन म्हणाली. मग कारण वाचलं गेलं. "मी नाक खुपसते? मी?"

"मी सगळ्यात शेवटची?" आई म्हणाली. "एवढं करून मी बारावी? आणि जीभ? माझी जीभ कधी कुणाला दिसली तरी का?" पुढची सहा मिनिटं ती दिसतच होती.

"आणि मी कितवा?" मोठ्या काकांनी विचारलं.

"तुम्ही दहावी, काका."

"अगं, दहावीला मी दोनदा बसलो तरी पास झालो नव्हतो!" ते म्हणाले आणि दहावीचं वर्णन स्वतःच मोठ्यानं वाचू लागले. घसा, हृदय, पोट. वाचता वाचता त्यांचा आवाज अडकला. "म्हणजे मी बंद पडलो तर एवढ्यांचं अडेल होय?" त्यांनी कोचावरच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बरं, खरं सांगा. रडलं कोण कोण?"

रडलो असं सगळेच म्हणाले. कोण जास्त रडलं यावरून मग मामी आणि आत्या यांच्यात जुंपली. घड्याळात दोन वाजायला आले होते. डॉक्टरनं कागद ओढून घेतला.

"माझी परीक्षा आहे!" ती ओरडली. "अडीचला! मला पुन्हा नापास नाही व्हायचं! मला खूप भीती वाटतेय, आणि तुम्ही..." पुढे तिला बोलवेना.

सगळ्यांना एकदम लाज वाटली. बाबा मात्र मोठ्या काकांचा दंड सोडून सरळ दाराकडे गेले आणि म्हणाले, "चल." आईचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही आलं नाही.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम तीस वर्षं हाच प्रश्न विचारत होत्या. टेबलावर कवटी, शेजारी गुणांचा कागद. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "हं, बारा नसा. सुरू कर. प्रत्येकीचं काम, आणि ती गेली तर काय होतं तेही."

डॉक्टरनं डोळे मिटले आणि ती मनातल्या मनात हॉलमध्ये शिरली. कोपऱ्यात आत्या, मग बाबा, कोचावर तिन्ही मामा, हातात बिस्किट, वाकडं तोंड, कानामागे धरलेला हात, गिळलेला हुंदका. एकही नस इकडची तिकडे झाली नाही. दहावीला तर ती अशी काही सुटली, की मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मान वर करून ऐकलं.

"छान. अकरावी?"

डॉक्टर मनातल्या मनात पुढच्या खुर्चीपाशी गेली. खुर्ची रिकामी. हॉलमध्ये इथे कुणी बसलंच नव्हतं. कोण आलं नव्हतं बरं? ती आठवू लागली, आणि जसजशी आठवू लागली तसतशी ती खुर्ची जास्तच रिकामी होत गेली. एवढ्या सगळ्यांना रडवून शेवटी एका नसेवर वर्ष जाणार होतं.

"अकरावी," मॅडम पुन्हा म्हणाल्या. "काय करते?"

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. येत नाही, हे तोंडानं सांगायचाही धीर होईना. तिनं नुसतेच दोन्ही खांदे वर उचलले आणि सोडून दिले.

"खांदे उचलते. बरोबर," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. "आणि दुसरं काम?"

डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मॅडमना दिसू नये म्हणून तिनं झटकन मान भिंतीकडे फिरवली.

"मान फिरवते. तेही बरोबर." दुसरी खूण झाली. "तीस वर्षांत करून दाखवणारी तू पहिलीच. बहुतेक जण नुसतं बोलतात."

डॉक्टर त्या दोन खुणांकडे बघत राहिली. मग तिला राहवेना. खोटे गुण घेऊन घरी त्या सगळ्यांना तोंड कसं दाखवायचं? ती खुर्चीत पुढे सरकली.

"मॅडम, एक खरं सांगू का? मला ना, अकरावी मुळात..."

"बारावीसुद्धा येते तुला, दिसलं मला," मॅडम घाईनं म्हणाल्या. त्यांनी तिसरी खूण केली आणि कागद पालथा ठेवला. "आता जीभ आत घे आणि जा."