काओरची बाजू घेणाऱ्या वैद्यकाकू

वैद्यकाकू गिऱ्हाइकाच्या हातातली बाटली चक्क काढून घेतात. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका वाइनच्या दुकानात त्या नोकरीला आहेत, तरीही! "ही नको. हे सरबत आहे," म्हणतात आणि बाटली परत फळीवर. मालकाने दोनदा समज दिली. काकूंनी मालकालाच समज दिली.

नागपूरला त्या केमिस्ट्री शिकवायच्या. मुलाकडे म्हणून इथे आल्या. तो पुढे दुसऱ्या राज्यात, प्लेनोला गेला, पण काकू काही दुकान सोडून जाईनात. मी शेजारी. त्यांना माझ्या कारमधून सोडतो, त्यामुळे त्यांचा संताप येता-जाता मला ऐकावा लागतो.

संताप एकाच माणसावर. फ्रान्समधल्या काओर भागातली वाइन मुळात काळीकुट्ट, तुरट. दहा वर्षं ठेवली की माणसात येणारी. तिथे वडिलांच्या मळ्यावर एक नवा वाइनवाला निघाला. द्राक्षं वेलीवरच जास्त पिकू देऊन, ओकच्या लाकडाच्या कोऱ्या पिंपात मुरवून त्याने ती पहिल्याच वर्षी मऊ-गुळचट केली. अमेरिकेत तुफान खपली. मग आजूबाजूचे मळेवालेही तेच करू लागले.

"अरे, अख्ख्या गावाला एकाच शिंप्याचे कपडे! लाकूडच चाखायचं तर कपाट चाटा ना!"

गेल्या महिन्यात तोच माणूस आपली वाइन लोकांना चाखवायला, टेस्टिंगसाठी दुकानात आला. मी ऑफिसला दांडी मारून गेलो. काकूंनी घोट घेतला, थुंकला आणि विचारलं, "वडील असंच करायचे?" इंग्रजीत विचारलं, पण सूर वर्गातला.

तो ओशाळला. "नाही मॅडम. पण त्यांची वाइन कुणी घेईना. मळा विकायची वेळ आली होती. थांबायला कुणाला वेळ आहे?"

"म्हणून सगळ्या गावाची चव बुडवलीस?"

त्याने आपल्या बॅगेतून बिनलेबलची एक बाटली काढली. "वडिलांच्या पद्धतीची. एक पिंप अजून करतो, घरच्यांपुरतं. दहा वर्षं उघडू नका," म्हणाला आणि काकूंच्या हातात दिली.

परतताना काकूंनी बाटली मागच्या सीटवर ठेवू दिली नाही. मांडीवरच धरली. दहा वर्षांनी त्या त्र्याऐंशीच्या होतील, आणि माझ्या व्हिसाचं तर पुढच्या वर्षीचंच सांगता येत नाही.

"तेव्हा तू येशील ना रे?" खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं. "एकटीने बाटली संपत नाही."

येईन म्हणालो. दोनदा म्हणालो.