पोचवायला आलेली माणसं

शिवप्पामामा विमानाला टॉवेल दाखवतात. रुमाल नव्हे, टॉवेल. आंघोळीचा, अंगभर, लाल काठाचा. विमान धावपट्टीवरून निघालं की मामा दोन्ही हातांनी तो डोक्यावर फिरवायला लागतात, ते विमान ठिपका होईपर्यंत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, विमानातून काहीतरी खाली पडलंय आणि हा माणूस त्याला परत बोलावतोय.

एकदा त्यांना पकडलंही होतं. वैमानिकाला खुणा करता काय, म्हणून एका साहेबानं आत नेऊन चौकशी केली. मामा म्हणाले, "त्याला कशाला खुणा करू? त्याला रस्ता म्हाईत हाय की." साहेबानं टॉवेल जप्त करायचं काढलं. "पावती द्या," मामा म्हणाले. टॉवेल घेऊनच घरी आले.

मामा आमच्या गल्लीत राहतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांची उमर गेली. काम सुटल्यावर माणसं भजनाला लागतात, पत्ते कुटायला लागतात. मामा पोचवायला लागले. सोलापुरातून कुणीही, कुठंही निघालं की मामा हजर. आधी स्टेशन, एसटी स्टँड. विमान सुरू झाल्यावर विमानतळ. ओळख पाहिजेच असं नाही. आमच्याकडे एक जण निघाला की अख्खं घर टमटममध्ये भरून पोचवायला जातं, त्यात एक मामा वाढले तर कुणाला जड होत नाही. सूचना मात्र ठरलेल्या. "पाणी घेतलं का? पाकीट पुढच्या खिशात ठेव. खिडकीतनं हात भाईर काढू नगंस."

"मामा, विमानाची खिडकी उघडत नाही."

"मग बरं हाय."

माझं आणि मामांचं कधी पटलं नाही. मी विमानतळ बचाव समितीची, पत्रकं लिहिणारी. मामा मला 'ए पत्रकवाली' म्हणतात. माझी पत्रकं ते आवर्जून मागून नेतात, वाचत नाहीत. माझा एक लेख, ज्यासाठी मी आठवडाभर डोकं फोडलं होतं, तो शेंगाचटणीला गुंडाळून त्यांनी मुंबईच्या एका प्रवाशाच्या हातात दिला. मी भांडले. ते म्हणाले, "आगं, निदान मुंबईपर्यंत तरी गेला की."

मग कंपनी आली.

विमानतळ कित्येक वर्षांच्या करारावर एका कंपनीला चालवायला द्यायचं ठरलं. जमीन सरकारी, म्हणजे तुमची-आमची. धावपट्टी तुमच्या-आमच्या कराच्या पैशातली. करार मात्र बंद खोलीत. विकासाला माझा विरोध नाही. हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगते. नवी इमारत व्हावी, मोठी विमानं यावीत. पण जी कंपनी जागेच्या भाड्यावर कमावणार, तिला प्रत्येक फरशीत दुकान दिसणार, हे कळायला पदवी लागत नाही. आणि जुन्या इमारतीच्या बाजूला एक लोखंडी कठडा होता. पोचवायला आलेली माणसं तिथं उभी राहायची, तिथून विमान उडताना दिसायचं. कठड्याला टेकून उभं राहायचं भाडं कोण देणार? नव्या नकाशात कठडा नव्हता.

कंपनीनं नागरिकांची बैठक बोलावली. पडद्यावर काच, कारंजं, गारेगार दालनं. एक तरुण अधिकारी शंभरदा 'जागतिक दर्जा' म्हणाला. मी उठून विचारलं, करार का लपवता? उत्पन्नातलं शहराला काय? तो म्हणाला, "चांगला प्रश्न आहे." आणि पडद्यावर पुढचं चित्र लावलं.

मग मागून मामा उठले.

"पोचवायला आलेल्यानं कुटं हुबं ऱ्हायचं?"

"काका, तशी गरजच राहणार नाही. गाडी दारापर्यंत येईल. पॅसेंजरला सोडायचं आणि निघायचं. लेन मोकळी राहते."

"सोडायचं? ते काय मांजराचं पिल्लू हाय व्हय, सोडायला?"

सभागृह हसलं. अधिकारीही हसला, पण घाम पुसत. म्हणाला, "नातेवाइकांसाठी कॅफे आहे ना. तिथं बसा."

"च्या न पिता?"

अधिकारी हातातले कागद चाळायला लागला.

"लिहून घ्या की मग," मामा म्हणाले. "एक जातंय, धा जण मागं ऱ्हात्यात. तुमी जाणाऱ्याचं सगळं बघितलं. ऱ्हाणाऱ्याचं काय?"

आमच्या हरकती फेटाळल्या गेल्या. कठडा कापला, तिथं पत्रे ठोकले. दारासमोरच्या लेनमध्ये पाटी लागली: येथे थांबू नये. मी संतापानं नवं पत्रक लिहायला बसले. मामांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "थांबू नये म्हणलंय. चालू नये म्हणलंय का?"

आणि चालायला लागले. पाटीपासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून पाटीपर्यंत. कुणी पोचवायला आलं की मामा त्यांना रांगेत ओढायचे, "थांबू नगा, चालत बघा." म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं, जावई, सगळं घर लेनच्या कडेनं फेऱ्या मारतंय आणि माना मात्र दाराकडे. गेटवरचा रखवालदार अक्कलकोटकडचा. साहेब दिसला की शिट्टी फुंकायचा, साहेब वळला की हळूच कानडीत म्हणायचा, "नडीरी मामा, नडीरी." चाला मामा, चाला. समितीची पत्रकं घेऊन मीही फेऱ्या मारायला लागले. वर्षभराच्या सभांत जेवढी माणसं जमली नाहीत, तेवढी तिथं चालत होती. साहेब येऊन ओरडला, "हे काय चाललंय?" मामा न थांबता म्हणाले, "आमीच चाललोय."

एका सकाळी रिक्षातून एक मुलगी एकटीच उतरली. नवी बॅग, नवा ड्रेस, घाबरा चेहरा. मामा चालता चालता तिच्यापाशी पोचले.

"कुटं गं, बाळ?"

"मुंबई. नोकरी लागलीय."

"पोचवायला कोण आलंय?"

"कोणी नाही. आईची शिफ्ट आहे, चिंचोळीच्या कारखान्यात. सुट्टी नाही मिळाली."

मामांनी बॅग उचलली. शिट्टी वाजली, त्यांनी ऐकली नाही. दारापर्यंत गेले. खाल्लंस का विचारलं, खिडकीचं सांगितलं. मग म्हणाले, "पोचलीस की फोन कर," आणि आपला नंबर सांगितला. तिनं तो मोबाइलमध्ये घेतला, खरंच घेतला की नुसती बोटं फिरवली, देव जाणे. काचेचं दार आपोआप मिटलं. आत तिनं एकदा वळून बघितलं, आणि मामा पहिल्यांदाच त्या पाटीखाली थांबले होते.

मी शेजारी गेले. "मामा, करतात का हो फोन?"

"कोण?"

"हीच. तुम्ही पोचवलेली माणसं."

"न्हाय." नेहमीच्या भांडणाच्या आवाजात. "कामं असत्यात त्यांना."

"मग नंबर कशाला देता?"

मामांनी माझ्याकडे बघितलं, चटणीच्या लेखावरून मी भांडले तेव्हा बघितलं होतं तसंच. "निघताना कुणीतरी म्हणावं लागतंय की, पोचलीस की कळव म्हणून. न्हाईतर ते माणूस गेलं काय, ऱ्हायलं काय."

घरी त्यांना असं म्हणणारं कुणी नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

पत्र्यापलीकडे विमानाचा आवाज वाढत गेला. दिसत काहीच नव्हतं. मामांनी खिशातून फोन काढला, त्याचा आवाज मोठा आहे ना ते तपासलं, परत खिशात ठेवला. रखवालदारानं शिट्टी तोंडाला लावली. आम्ही चालायला लागलो.