खेकडेबंदरावर आलेले अक्षतांचे संकट

श्री. वीजदेवी प्रसन्न असो, तारा न तुटोत, बॅटरी न उतरो. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, जीस खंडेनवमी म्हणतात, त्या दिवशी आणि दुसरे दिवशी दसऱ्यास एका राज्यी जे वर्तमान घडले, ते बालमंडळाच्या हुकुमावरून लिहिले आहे. हुकूम ऐसा जाहला की, लढाई असावी, परंतु कोणी मरू नये, आणि कठीण शब्द आला तर त्याचा अर्थ तेथेच सांगावा. त्याप्रमाणे लिहितो. सावकाश वाचावे, घाई नाही.

राज्य तिसऱ्या मजल्यावरचे, तीन खोल्या आणि एक बाल्कनी इतक्या विस्ताराचे होते. महाराज कामानिमित्त दूरदेशी स्वारीवर असत, सबब कारभार राणीसाहेब मृणालिनीबाई पाहात, आणि त्यांची कन्या इरावती, वय दहा, राजकन्यापदी विराजमान होती. राणीसाहेबांचे धाकटे बंधू कौस्तुभराव, यांस राज्यात यंत्रसरदार म्हणत, हे सणासुदीस मुक्कामी येत, आणि येताना एक पेटीभर वायरी व एक डोकेभर मते घेऊन येत. सरदारांचा स्वभाव उमदा, हात सढळ, आणि जगातील कोणतेही यंत्र दिसले की त्याविषयी बोलल्यावाचून त्यांस घास गिळत नसे. त्यांची मते ऐसी की, नवे अपडेट पहिल्या दिवशी घेऊ नये, पहिले घावन तव्यास चिकटायचेच. आणि फ्रीजने थंड करावे, बोलू नये. आणि फोन पापडासारखे पातळ करून कंपन्यांनी काय मिळविले, खिशात बसताना भीती वाटते. आणि जो खेळ दर घटकेस जाहिरात दाखवितो तो खेळ नव्हे, टोलनाका आहे. आणि खेळात नुसते धावत सुटू नये, थांबून तेथील झाडे, ढग, पाणी पाहावे, कोणीतरी बिचाऱ्याने महिनोन्‌महिने बसून काढलेले असते. हे शेवटचे मत आम्हांसही फार आवडते. परंतु फोनास पूर्वी हेडफोनसाठी भोक असे ते कंपन्यांनी बुजविले, हे दुःख सरदारांस सर्वांत मोठे, आणि त्यावर भाषण सुरू जाहले म्हणजे राणीसाहेब म्हणत, "कौस्तुभ, आमटी थंड होतेय. आधी ती संपव, मग भोकाचं बघू."

या मतांमध्ये एक मत मोठे भारी होते. ते ऐसे की, आपली वस्तू ढगात ठेवू नये. बाळांनो, हा ढग आकाशातला नव्हे. दूर कोठे कोणा कंपनीचे मोठमोठे संगणक असतात, आणि आपल्या फोटोंची, खेळांची एक नक्कल तेथे ठेविता येते, म्हणजे आपले यंत्र बिघडले तरी नक्कल शाबूत राहते, यास ढग म्हणतात. सरदार म्हणत, "म्हणजे आपल्या घरची तिजोरी शेजाऱ्याकडे ठेवायची! छे. आपलं आपल्याजवळ." आणि ऐसे म्हणून त्यांनी राजकन्येच्या टॅबातील ढगाची वाट स्वहस्ते बंद केली होती.

त्या टॅबात खेकडेबंदर नामे एक शहर होते. बंदर वसविण्याचा खेळ, त्यात राजकन्या इरावती आणि तिची जिवलग मैत्रीण शाल्मली यांनी मिळून उन्हाळाभर हे शहर बांधिले, आणि पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर एक खेकडा फिरताना दिसला म्हणून हे नाव ठेविले. धक्का बांधिला, मासळीबाजार बांधिला, नारळीची रांग लाविली, आणि टोकास एक उंच दीपस्तंभ उभा केला. इतक्यात शाल्मलीच्या वडिलांची बदली जाहली आणि खालच्या मजल्यावरचे ते कुटुंब परमुलुखी गेले. तेव्हा उभयतांत करार जाहला की, दीपस्तंभाचा दिवा एकटीने लावू नये, दोघींनी मिळूनच लावावा, आणि दसऱ्यास शाल्मली सोने द्यावयास येईल तेव्हा लावावा. सोने म्हणजे आपट्याची पाने, हे आपण जाणताच. तेव्हापासून बंदर अंधारात होते आणि राजकन्या दिवस मोजीत होती.

मग खंडेनवमी आली. या दिवशी शस्त्रांची, हत्यारांची पूजा करितात, आणि या राज्यात शस्त्रे म्हणजे मिक्सर, शिवणयंत्र आणि सरदारांची यंत्रे, सबब पाटावर सर्व मांडामांड जाहली. सरदार सोवळे नेसले नव्हते परंतु नवा टीशर्ट घातला होता, आणि त्यांनी टॅब उचलून भिंतीशी उलटा उभा केला, म्हणजे चार्जिंगचे भोक वरच्या अंगास आले. राजकन्या म्हणाली, "मामा, उलटा ठेवलास." सरदार म्हणाले, "मुद्दाम. हे त्याचं तोंड. पूजा तोंडाची करायची, म्हणजे आशीर्वाद थेट बॅटरीत." आणि हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल वाहिले, आणि ओल्या कुंकवात भिजविलेल्या अक्षता मूठभर घेऊन, "मनापासून टाका रे!" ऐसे गर्जून प्रथम आपणच टाकिल्या. त्यांतील एक तुटका तांदूळ नेम धरून मारावा तैसा टॅबाच्या मुखी गेला आणि आत चिकटून बसला. हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानी आले नाही. तुमच्या आमच्या मात्र आले आहे, तेव्हा आता पुढे काय होते ते निवांतपणे पाहावे.

संध्याकाळपर्यंत राजकन्येने बंदर शृंगारिले, धक्क्यावर तोरणे बांधिली, आणि बॅटरी उतरली म्हणून वायर लाविली, तों वायर अर्धीच आत जाई आणि चार्जिंग होईना. दसऱ्याच्या सकाळी, श्रीखंडाचा चक्का गाळावयास घेतला असता, सरदारांनी मोहीम हाती घेतली. पेटी उघडून वायरींची फौज जमिनीवर पसरली. पांढरी वायर धाडिली, ती हरून परत आली. काळी जाड वायर, जीवर सरदारांचा फार भरवसा, तीही परत आली. सरदार म्हणाले, "हल्लीच्या वायरीच भिकार." मग चार्जर बदलिला, आणि म्हणाले, "हल्लीचे चार्जरच भिकार." मग भिंतीवरचे बटण बदलिले, आणि त्याविषयी काही म्हणणार इतक्यात राणीसाहेब म्हणाल्या, "बटण गेल्याच महिन्यात नवं बसवलंय, त्याला काही बोलायचं नाही." शेवटी सरदारांनी कपाळावर हात मारून निदान केले की, "अरे, हा सॉफ्टवेअरचा घोळ आहे! आतलं सगळं पुसायचं आणि टॅब कोरा करायचा, की झालं. आत्ता थोडी बॅटरी आहे तोवर उरकून टाकू." आणि बोट टॅबातील पुसण्याच्या बटणाकडे नेले.

हे ऐकताच राजकन्येने झेप घालून टॅब हिसकावला, आणि बाल्कनीत शिरून काचेचे दार आतून लावून घेतले. राज्याच्या इतिहासात ऐसा वेढा पूर्वी पडला नव्हता. सरदार काचेपाशी येऊन म्हणाले, "इरू, दार उघड. नुसतं बघतो." आतून उत्तर आले, "परवा नुसतं बघतो म्हणालास आणि माझं घड्याळ अजून जपानीत बोलतंय. तिथूनच बोल." सरदार म्हणाले, "अगं, बंदर परत बांधता येतं. दुसऱ्यांदा तर आणखी छान होतं." तेव्हा राजकन्या म्हणाली, "पण ती नारळाची रांग शालूने लावलीये. मी परत लावली तर ती माझी होईल, तिची नाही. आणि ती आज दिव्यासाठी येतेय, मामा. आजच येतेय."

 यावर सरदार म्हणाले, "नक्कल असती तर—" तों आतून आवाज आला, "तूच नको म्हणालास!" आणि स्वयंपाकघरातून दुसरा आवाज आला, "माझ्या फोटोंच्या वेळीही तूच नको म्हणाला होतास." ऐसा दोन्ही अंगांनी मारा जाहला, तेव्हा सरदार काचेस पाठ लावून खाली फरशीवर बसले, आणि म्हणाले, "माझं मत चुकलं." ऐसे शब्द त्यांच्या मुखातून राज्यात कोणी ऐकिले नव्हते. राणीसाहेबांनी खात्री करून घेण्यासाठी मिक्सर बंद केला. सरदार पुन्हा म्हणाले, "चुकलं. आणि मी पुसणार नाही. शालू आली आणि तोवर नाही झालं, तर मीच तिला सांगेन की माझ्यामुळे झालं. आता तरी उघड." राजकन्येने विचार केला, दार बोटभर उघडले, मग हातभर, आणि मग बाहेर येऊन मामाशेजारी बसली, परंतु टॅब मांडीखाली ठेविला.

आता सरदारांनी जी चाल केली ती, बाळांनो, नीट ध्यानी धरावी, कारण यंत्र असो की गणित, बिघाडाच्या वेळी फार उपयोगी पडते. त्यांनी यंत्रास हात लाविला नाही. विचारिले, "इरू, शेवटचं नीट चार्ज कधी झालं होतं?" राजकन्या म्हणाली, "परवा संध्याकाळी." "मग त्यानंतर त्याचं काय काय झालं, क्रमाने सांग. काही सोडू नकोस." राजकन्या बोटांवर मोजीत सांगू लागली, "परवा चार्ज केला. मग झोपताना दप्तराशेजारी ठेवला. मग काल सकाळी तू पूजेला घेतलास. मग तू तो उलटा—" "उलटा का?" "तूच म्हणालास ना, तोंड वर पाहिजे." "बरं, मग?" "मग तू तोंडात अक्षता टाकल्यास."

 इतके बोलताच दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग राजकन्येने मांडीखालून टॅब काढिला, सरदारांनी फोनचा उजेड पाडिला, आणि दोघांची डोकी एकमेकांस आपटली, कारण दोघेही एकदमच त्या भोकात डोकावले. आत लालसर काही दडून बसले होते. "तांदूळ!" राजकन्या ओरडली. सरदार म्हणाले, "ताई, तुझ्या अक्षता!" राणीसाहेब हातातल्या चमच्यानिशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या? भिजवल्या मी. जेवायला कोणी घातल्या?" तेव्हा राजकन्या इतकी हसली की तिला उचकी लागली.

मग मसलत जाहली. टॅब पूर्ण बंद केला. सुई अगर टाचणी घेतली नाही, तीही गोष्ट लक्षात असू द्यावी, लोखंडाने आतल्या नाजूक पट्ट्या ओरखडतात. दात कोरावयाची लाकडी काडी आणविली, आणि काम राजकन्येकडे दिले, कारण सरदारांचा उत्साह एव्हाना सर्वांस ठाऊक होता. सरदार उजेड धरून बसले आणि जीभ बाहेर काढून पाहू लागले. राजकन्येने काडी कडेने सरकविली, थांबली, श्वास घेतला, पुन्हा सरकविली, आणि कुंकू लागलेला तो तांदूळ टुणकन उडून सरदारांच्या नव्या टीशर्टावर पडला. मग वायर लाविली, ती आतपर्यंत गेली, आणि पडद्यावर बॅटरीचे चित्र हिरवे जाहले. सरदारांनी राजकन्येस उचलून दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारिल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाकडून विचारणा आली की वर काय पडले.

दुपारी शाल्मली आली. दारातूनच आपट्याची पाने पुढे करून म्हणाली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि लगेच, "टॅब कुठंय?" राजकन्येने सर्व हकिगत हातवारे करून सांगितली, तेव्हा शाल्मली सरदारांकडे वळून म्हणाली, "मामा, मग वरणतूप पण वाढायचंत की त्याला." सरदार म्हणाले, "वाढणार होतो. पण पान नव्हतं." मग दोघी पलंगावर पोटावर पडल्या, एकीने डावे बोट आणि दुसरीने उजवे बोट पुढे केले, आणि, "एक, दोन, तीन!" म्हणून दीपस्तंभावर एकदमच ठेविले. दिवा लागला. पिवळा उजेड गोल फिरू लागला, आणि दूर अंधारातून एक गलबत निघाले, मग आणिक एक, आणि धक्क्यावर येऊन लागले.  सरदार त्यांच्यामागे उभे राहून पाण्यावरचा उजेड पाहात होते, आणि विशेष हे की, त्यांस काहीही मत सुचले नाही.

ऊन कलले आणि शाल्मलीच्या वडिलांनी खालून मोटारीचा हॉर्न दिला. शाल्मली चपला घालता घालता म्हणाली, "आता परत कधी? दिवाळीत नाही जमणार आम्हाला." राजकन्या खाली पाहू लागली. तेव्हा सरदार पुढे जाहले, "थांब, तुझ्या पिशवीतला टॅब दे जरा," म्हणाले, आणि इरावतीच्या टॅबातील ढगाची वाट उघडून बंदराची नक्कल वर धाडिली, आणि शाल्मलीच्या टॅबावर तेच खाते उघडून ती खाली उतरविली. वडिलांनी दुसरा हॉर्न दिला, तिसराही दिला, आणि शाल्मलीच्या हातातील पडद्यावर तोच दीपस्तंभ फिरू लागला. सरदार सांगते जाहले, "एका वेळी एकीनेच खेळायचं, मग दुसरीने. म्हणजे दोन्हीकडे एकच बंदर. ढगासारखी सुरक्षित जागा नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय." राणीसाहेब म्हणाल्या, "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" सरदार म्हणाले, "सकाळपासून, ताई."

श्रीखंडपुरीचे जेवण जाहले आणि राजकन्येने टॅब उघडला. धक्क्याच्या कोपऱ्यावर, जेथे सकाळी नुसती वाळू होती, तेथे नारिंगी छपराची एक चहाची टपरी उभी होती. इरावतीने ती बांधिली नव्हती. "आई! मामा! ती गाडीतूनच बांधतेय!" ऐसे ओरडून ती पलंगावर उड्या मारू लागली. मग शांत होऊन बसली, थोडा विचार केला, आणि टपरीसमोर समुद्राकडे तोंड करून एक बाक ठेविला, दोघी बसतील इतका लांब.

येणेप्रमाणे खेकडेबंदर वाचले, दिवा लागला, आणि बंदरास दोन गावे मिळाली. सरदारांनी एक मत सोडिले आणि राज्य आनंदले. उरलेली मते अद्याप त्यांच्याजवळ आहेत, ज्यास ऐकणे असेल त्याने जेवणाच्या वेळी यावे. वर्तमान घडले तैसे लिहिले. चूकभूल मुलांनी पदरात घ्यावी, आणि आता खेळावयास जावे.